बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे?

पोलिसांनी पालथं पाडून दाबून धरलेला माणूस ‘श्वास घेता येत नाहीये’ असं ओरडत मेला, अशी बातमी आली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: एवढं बोलत होता, म्हणजे श्वास चालूच होता की! न्यूयॉर्कमध्ये 2014 साली एरिक गार्नर आणि मिनिआपोलिसमध्ये 2020 साली जॉर्ज फ्लॉइड, दोघांच्याही बाबतीत तो झाला. ऐकायला बिनतोड वाटतो, पण शरीरशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर घसरतो.

आवाज निघायला स्वरतंतूंवरून हवा बाहेर जावी लागते, बस्स. ती हवा फुप्फुसात खोलवर पोचून आलेली असलीच पाहिजे असं नाही. नाकापासून श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांपर्यंतच्या वाटेत प्रौढ माणसाची साधारण 150 मिलिलीटर हवा मावते. या वाटेवर रक्ताशी कसलीच देवघेव होत नाही. ती होते अगदी टोकाच्या वायुकोशांत. त्यामुळे प्रत्येक श्वासातले 150 मिलिलीटर फुकट जातात.

आता हिशेब करू. शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे 500 मिलिलीटर हवा घेतो, मिनिटाला 12 वेळा. एकूण 6 लिटर. वायुकोशांपर्यंत पोचतात 350 गुणिले 12, म्हणजे 4.2 लिटर. याच माणसाची छाती दाबली गेली आणि श्वास 250 मिलिलीटरवर आला, तर तो भराभर श्वास घेऊन भरपाई करू पाहील. मिनिटाला 24 श्वास धरले तर एकूण पुन्हा 6 लिटरच. पण वायुकोशांना मिळतात 100 गुणिले 24, फक्त 2.4 लिटर. बघणाऱ्याला छाती वेगाने हलताना दिसते, आवाज ऐकू येतो, आणि उपयोगी हवा जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. बोलण्यावरून एवढंच कळतं की त्या क्षणी श्वासमार्ग पूर्ण बंद नाही आणि मेंदू अजून शुद्धीवर आहे. पुढच्या मिनिटाची हमी त्यात नाही.

छाती दाबली जाते म्हणजे काय? श्वास आत घेताना श्वासपटल खाली सरकतं, पोट पुढे येतं, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात. कठीण जमिनीवर पालथं पाडून पाठीवर गुडघा रोवला की पोटाला पुढे यायला जागा नाही आणि बरगड्यांना उचलायला वाव नाही. हात पाठीमागे बेड्यांत असले तर कोपरांवर भार देऊन छाती किंचित वर करण्याची सोयही जाते. फ्लॉइड खटल्यात श्वसनतज्ज्ञ मार्टिन टोबिन यांनी नेमकं हेच दाखवलं: फ्लॉइड बोटं रस्त्यावर आणि मूठ गाडीच्या टायरवर रेटून छातीला थोडी जागा करू पाहतोय. लोक अशा हालचालीला ‘प्रतिकार’ म्हणतात आणि आणखी जोर लावतात.

पण खरा घात प्राणवायूच्या कमतरतेइतकाच आम्लाचाही असतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. झटापटीत स्नायू जिवाच्या आकांताने काम करतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. हे आम्ल शोषून घेता घेता रक्तातलं बायकार्बोनेट संपत जातं. शरीराकडे तातडीचा उपाय एकच: धापा टाकून कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणे. पळून आल्यावर आपण धापा टाकतो त्यामागे हेही एक कारण असतं.

हेंडरसन-हॅसलबाख समीकरणात आकडे घालून पाहा. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ठरतो बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावरून. एरवी बायकार्बोनेट लिटरमागे 24 मिलिमोल, कार्बन डायऑक्साइडचा दाब 40 मिलिमीटर पारा, पीएच 7.4. समजा झटापटीनंतर बायकार्बोनेट 12 वर आलं. माणसाला मोकळेपणी धापा टाकता आल्या आणि कार्बन डायऑक्साइड 25 पर्यंत उतरला, तर पीएच 7.3 राहतो. वाईट, पण निभावतं. त्याच माणसाच्या पाठीवर दोघे बसले आणि कार्बन डायऑक्साइड 60 वर गेला, तर पीएच 6.92. ही घसरण किरकोळ वाटेल, पण पीएचचं माप लॉगरिदमचं आहे. हायड्रोजन आयनांचं, म्हणजेच आम्लाचं, प्रमाण इथे 7.3 च्या तुलनेत सुमारे 2.4 पट झालं. इतक्या आम्लात हृदयाच्या स्नायूचं आकुंचन दुबळं पडतं, ॲड्रिनलीनला त्याचा प्रतिसाद घटतो, पेशींतलं पोटॅशियम रक्तात उतरतं. वर पोट आणि छाती दाबली गेल्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्तही कमी होऊ शकतं.

म्हणून असं हृदय बहुधा ठरावीक पद्धतीने बंद पडतं. हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळदा आधी कंपन सुरू होतं आणि विजेच्या धक्क्याने ते मोडता येतं. इथे बऱ्याचदा ईसीजीवर ठोके उमटत राहतात, पण नाडी लागत नाही. मग रेघ सपाट होते. या दोन्ही अवस्थांत धक्क्याचा उपयोग नाही.

‘पण प्रयोगांत तर काही झालं नाही!’ हाही आक्षेप असतो. 1997 साली सॅन डिएगोत निरोगी पुरुषांना व्यायाम करायला लावून, हातपाय बांधून पालथं झोपवलं. फुप्फुसांची क्षमता घटली, पण धोकादायक पातळीपर्यंत नाही. प्रयोग खोटा नव्हता. मात्र ‘थांबवा’ म्हटलं की सुटणारा स्वयंसेवक आणि जिवाच्या भीतीने झगडणारा, कदाचित लठ्ठ, कदाचित नशेत असलेला माणूस यांच्या रक्तातलं आम्ल सारखं कसं असेल? अतिदक्षता विभागातही रुग्णांना पालथं ठेवतात, हे खरं. पण तिथे पाठीवर कोणी गुडघा ठेवत नाही.

या सगळ्याला बगल देण्यासाठी अमेरिकेत अनेक वर्षं ‘उत्तेजित उन्माद’ (एक्सायटेड डिलिरियम) असं निदान वापरलं गेलं: माणूस म्हणे आपल्याच खवळलेपणाने मेला. 1980च्या दशकात मायामीतले शवचिकित्सक चार्ल्स वेटली यांनी ते रूढ केलं. तिथल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यू त्यांनी कोकेन आणि लैंगिक संबंध यांच्या माथी मारले. फेरतपासणीत ते गळा दाबून केलेले खून निघाले. तरीही निदान टिकलं, खटल्यांत वापरलं गेलं. 2023 साली अमेरिकेतल्या शवचिकित्सकांच्या आणि आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनांनी त्यावरून हात काढून घेतला. भूतबाधेला लॅटिन नाव दिलं की ती रोग होत नाही.

‘हृदय बंद पडल्याने मृत्यू’ हे वाक्यही तितकंच पोकळ आहे. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार मृत्यूच्या दाखल्यावर मूळ कारण लिहायचं असतं, मरण्याची रीत नव्हे. फ्लॉइडच्या दाखल्यावर हृदय आणि श्वसन बंद पडणं लिहिलं होतं, पण त्याला जोडून पोलिसांनी काबूत आणणं, जखडून ठेवणं आणि मानेवरचा दाब हेही होतं. मृत्यूचा प्रकार ‘दुसऱ्याच्या हातून’ असा नोंदवला होता. ही वैद्यकीय नोंद आहे. गुन्हा होता की नाही ते न्यायालय ठरवतं.

प्रतिबंध मात्र साधा आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या 1995च्या पत्रकातच तो छापलेला आहे: बेड्या पडताच माणसाला पोटावरून उठवा. कुशीवर वळवा किंवा बसवा. पाठीवर आणि मानेवर भार नको. एकाने दुसरं काहीही न करता फक्त श्वासाकडे लक्ष द्यावं. आरडाओरडा करणारा अचानक गप्प झाला तर ‘शांत झाला’ म्हणून सुस्कारा सोडू नये. तो बेशुद्ध पडतोय असंच धरावं. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

प्रतिसाद नसेल, तर श्वास नीट चालू आहे का ते 10 सेकंदांच्या आत ठरवा; नसेल तर त्याला उताणा करा. बेड्या पाठीमागे असतील तर काढा, नाहीतर पाठ जमिनीला नीट टेकत नाही. छातीच्या मध्यावर 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब. 30 दाबांनंतर 2 श्वास. गुदमरल्याने थांबलेल्या हृदयाला हे श्वास फार गरजेचे असतात, कारण रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो. एईडी यंत्र (हृदयाची लय तपासून गरज असेल तरच विजेचा धक्का देणारं) लावल्यावर बहुधा ‘शॉकची गरज नाही’ असं बोलेल. याचा अर्थ माणूस ठीक आहे असा घेऊन हात थांबवले जातात. यंत्र फक्त एवढंच सांगतंय की ही लय विजेने सुधारणारी नाही; दाब लगेच पुन्हा सुरू करायचे.