अंतर्गळाची जाळी : ग्रामीण सर्जरी विभागातल्या एका वादाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरी विभागाची ऑपरेशनची यादी शेतीच्या हंगामाप्रमाणे हलते. होळीपासून मृगापर्यंत अंतर्गळ (हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं बाहेर येऊन जांघेत होणारी गाठ) आणि अंडवृद्धी (वृषणाभोवती पाणी साचणं) यांची रांग लागते, पेरणी सुरू झाली की ठरवून करायची ऑपरेशनं दिवाळीपलीकडे ढकलली जातात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा असल्याने अंडवृद्धीचे रुग्ण इथे आणखी जास्त. अडकलेला, म्हणजे आतडं परत आत न जाणारा, अंतर्गळ मात्र हंगाम पाहत नाही. इथला वाद असा : अंतर्गळाच्या ऑपरेशनात कंपनीच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड वापरावं का?

नागपूरला १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघालं, सेवाग्रामला १९६९ साली, यवतमाळला १९८९ आणि सावंगीला १९९० साली. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी सुरुवातीची बरीच वर्षं अंतर्गळ म्हणजे टाक्यांचं ऑपरेशन. १८८० च्या दशकात इटलीत बसवलेली ही पद्धत : वरचे स्नायू खाली ओढून जांघेच्या अस्थिबंधाला शिवायचे. ओढून शिवलेल्या भागावर ताण राहतो. बिडीचा खोकला, बद्धकोष्ठ किंवा लवकर उचललेलं ओझं यांनी टाका ऊतकातून कापत जातो आणि गाठ परत येते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ‘तीन महिने वजन उचलू नये’ असं लिहून दिलं जायचं. पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप आणि खांद्यावर पन्नास किलोची गोणी घेणाऱ्या मजुराला हा सल्ला पाळणं परवडणारं नव्हतं.

कमकुवत जागेला आधार देणारी प्लास्टिकच्या धाग्याची जाळी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची त्यानंतर. ताण न देता ती नुसती वर अंथरण्याची पद्धत १९८९ पर्यंत नीट मांडली गेली आणि पुढे सगळीकडे हीच शिकवली जाऊ लागली. मापं ठरलेली आहेत : साधारण १५ बाय ७.५ सेंटिमीटर, थिएटरच्या बोलीत इंचांत ‘सिक्स बाय थ्री’. जघनास्थीच्या (जांघेच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या) उंचवट्यावर जाळी दीड ते दोन सेंटिमीटर पुढे गेली पाहिजे, खालची कड २-० प्रोलिनच्या (न विरघळणाऱ्या धाग्याच्या) सलग टाक्याने अस्थिबंधाला, बाहेरच्या टोकाला चीर देऊन दोन शेपट्या करायच्या, वरची दोन तृतीयांश रुंद, खालची एक तृतीयांश. नवशिक्या निवासी डॉक्टरच्या हातून परत आलेला अंतर्गळ बहुतेकदा या उंचवट्यापाशीच सापडतो, कारण जाळी काठोकाठ कापलेली असते आणि शरीरात गेल्यावर ती आक्रसते. भूल जागेवरच द्यायची तर पन्नास किलोच्या माणसाला अॅड्रेनलिनसह एक टक्का लिग्नोकेन ३५ मिलिलिटरपर्यंतच. आमच्याकडचे रुग्ण हडकुळे, त्यामुळे ही मर्यादा लवकर येते.

अडचण होती ती जाळीच्या किमतीची. सुगीला ज्वारी मोजून दवाखान्याचा विमा उतरवणाऱ्या गावांत खाट आणि ऑपरेशन परवडायचं, पण जाळीसाठी ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडायची. त्यावर सर्रास निघालेली वाट म्हणजे मोठी जाळी आणून दोघांत वाटायची आणि उरलेला तुकडा पुन्हा निर्जंतुक करायचा. कंपनीच्या पाकिटावर याला स्पष्ट मनाई छापलेली असते.

याच काळात खानदेशातल्या एका सर्जनने मच्छरदाणीचं कापड वापरायला सुरुवात केली. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र धाग्याची, औषध न लावलेली मच्छरदाणी. अनेक केंद्रांतल्या रुग्णांचे निकाल २००३ साली प्रसिद्ध झाले आणि वाद पेटला. कृती सोपी वाटते : कापड साबणाने धुवायचं, भरपूर पाण्यात खळबळायचं, वाळवायचं, मापात कापायचं, पॅक करून ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावायचं. चूक होते ती ऑटोक्लेव्हमध्येच. १२१ अंश, १५ पौंड दाब, वीस मिनिटं, एवढंच चालतं. घाईच्या यादीत कुणी १३४ अंशांचं चक्र लावलं की पॉलिथिलीन आक्रसतं, वितळून गोळा होतं. नायलॉनची मच्छरदाणी तर घ्यायचीच नाही, शरीरात तिचा धागा हळूहळू ताकद गमावतो. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्याही बाद.

विरोधकांचं म्हणणं असं की शिकवण्याच्या जागी गरिबाला वेगळा माल वापरायला शिकवणं चुकीचं आहे. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण मग रुग्णाला जाळीशिवाय घरी पाठवणं किंवा वापरलेल्या पाकिटातला तुकडा बसवणं कसं चाललं, याचं उत्तर त्या बाजूने आलं नाही. मच्छरदाणीची स्वस्त जाळी आणि कंपनीची महागडी जाळी यांची युगांडात ३०२ पुरुषांवर झालेली तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एक अंतर्गळ परत आला, महागड्या जाळीच्या गटात एकही नाही, आणि दुखणं किंवा जखम पिकणं यांत फारसा फरक नव्हता. विरोधाचा एकच मुद्दा टिकला, आणि तो वजनदार आहे : त्या अभ्यासातल्या धाग्याचं रसायन माहीत होतं, आठवडी बाजारात घेतलेल्या मच्छरदाणीचं नसतं. दुकानदार ‘प्लास्टिकची आहे’ एवढंच सांगतो.

वाद मिटला तो मात्र पुराव्याने नाही. २०१२ च्या जुलैत राज्याची विनारोकड उपचार योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. योजनेतून पैसे मिळवायच्या दाव्याला जाळीच्या पाकिटाचं लॉट नंबरचं स्टिकर लागतं. धुऊन कापलेल्या कापडाला स्टिकर कुठून आणणार? १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. मध्यंतरी पॉलिप्रॉपिलीनच्या देशी जाळ्याही आल्या. चिठ्ठी बंद झाली, हे खरं मोल.

आता ओढा दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनकडे. तिथे जाळी १५ बाय १० सेंटिमीटरची, पूर्ण भूल, आत जागा करायला कार्बन डायऑक्साइड, आणि निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकात त्याला भाव जास्त. उघड्या ऑपरेशनात तीन मज्जातंतू ओळखून वाचवायचा सराव त्यामुळे मागे पडतो. जुनी टाक्यांची पद्धत त्याहून मागे गेली. पण रात्री दोनला अडकलेला अंतर्गळ उघडला आणि आतडं काळं निघालं, ते कापून जोडावं लागलं, तर दूषित जागेत जाळी घालायला बहुतेक सर्जन धजत नाहीत. तेव्हा टाकेच घालावे लागतात. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातात. तिथे दुर्बीण असेलच असं नाही, अडकलेला अंतर्गळ मात्र ठरलेला.