सोचीतील सव्विसावी खेळी

१५ नोव्हेंबर २०१४ रोजी रशियातील सोची येथे बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहावा डाव सुरू झाला, तेव्हा मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांचे प्रत्येकी अडीच गुण झाले होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनची बाजू सरस होती आणि आनंद चिवटपणे बचाव करत होता. सव्विसाव्या खेळीला कार्लसनने राजा डी२ या घरात नेला आणि लगेचच त्याच्या लक्षात आले की, ही घोडचूक आहे. पटाच्या जी या उभ्या पट्टीत दोघांचे हत्ती समोरासमोर होते आणि मध्ये फक्त आनंदचा घोडा उभा होता. त्या घोड्याने ई५वरचे प्यादे मारले असते, तर हत्तीची वाट मोकळी झाली असती. कार्लसनने हत्ती मारला, तरी घोड्याने राजाला शह देत सी४वरचे प्यादे टिपले असते आणि आणखी एका शहानंतर हत्तीही वसूल झाला असता. दोन प्याद्यांची ही कमाई आनंदला एरवी चुटकीसरशी दिसली असती. त्याने मात्र मिनिटभरात ए पट्टीतले प्यादे पुढे सरकवले आणि मग त्यालाही ती दिसली. अडतिसाव्या खेळीपर्यंत डाव हातचा गेला होता.

याला एकाग्रतेचा अभाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आनंदच्या मनात त्या प्याद्याची योजना बहुधा आधीच पक्की झाली होती, आणि पक्की योजना नजरेलाही बांधून ठेवते. बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निष्णात खेळाडूंपुढे अशी स्थिती मांडली होती की, तिच्यात पाच खेळ्यांची एक ओळखीची मात होती आणि तीन खेळ्यांची एक अनोळखी मात. ओळखीची मात सापडल्यावर त्यांना याहून जलद मार्ग शोधायला सांगण्यात आले. आपण नवे काही शोधत आहोत, असे ते मनापासून सांगत होते. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने मात्र दाखवून दिले की, त्यांची नजर पुन्हापुन्हा जुन्याच मार्गातल्या घरांवर जात होती.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला, जगज्जेतेपदाच्याच लढतीतील चौदाव्या आणि अखेरच्या डावात, अठरा वर्षांच्या गुकेशच्या बाबतीतही हेच घडता घडता राहिले. एका प्याद्याने मागे असलेल्या प्रतिस्पर्धी डिंग लिरेनने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती एफ२मध्ये आणून हत्तींच्या मारामारीची तयारी दाखवली. त्याचा उंट तेव्हा ए८च्या कोपऱ्यात होता, आणि कोपऱ्यातून उंटाला एकच तिरपी रेषा मिळते. ती रेषा गुकेशच्या उंटाने अडवली की, उंटांची मारामारीही टळत नाही आणि उरतो तो काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशने जिंकलेला प्याद्यांचा डाव. गुकेशला ही चूक लगेच उमगली नाही. तो आपला हत्ती बी३मध्ये नेण्याच्या बेतात होता, इतक्यात तो कोंडलेला उंट त्याच्या ध्यानात आला.