जाहिरातपत्रक

जाहिरातपत्रक : एखाद्या व्यवसायाची, मालाची अथवा सेवेची माहिती देऊन ग्राहकाला खरेदीस प्रवृत्त करण्यासाठी छापलेला, बहुधा एकपानी कागद. हस्तपत्रक हा पर्यायी शब्द असून छपाईच्या धंद्यात हँडबिल व पँप्लेट ही नावे अधिक चालतात. भित्तिपत्रकाहून ते वेगळे मानले जात असले, तरी जुन्या नमुन्यांच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट आहे आणि उगमाविषयीचे मतभेद मुख्यतः त्यातूनच उद्भवले आहेत.

सर्वांत जुना नमुना म्हणून पुष्कळदा चीनमधील सुंग काळातील (९६०–१२७९) धातूच्या एका छापपटाचा निर्देश केला जातो. जीनान येथील लिऊ घराण्याच्या सुयांच्या दुकानासाठी तो कोरलेला आहे. त्यावर सशाचे चित्र, दारापुढील पांढऱ्या सशावरून दुकान ओळखावे ही सूचना आणि पुनर्विक्री करणाऱ्यांना सवलतीचे आश्वासन आढळते. त्याचे ठसे सुटे वाटले जात की सुयांच्या पुड्यांना वेष्टन म्हणून वापरले जात, याविषयी एकमत नाही. पटाचा लहान आकार पाहता वेष्टनाचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो.

इंग्लंडमध्ये मुद्रक विल्यम कॅक्स्टनने सु. १४७७ मध्ये एका धर्मविधिविषयक पुस्तकासाठी काढलेली छोटी जाहिरात इंग्रजीतील पहिली छापील जाहिरात समजली जाते. तिच्या दोन प्रती ऑक्सफर्ड व मँचेस्टर येथील ग्रंथालयांत आहेत. काही लेखक तिला हस्तपत्रक म्हणतात. मात्र तिच्या शेवटी ‘हा कागद काढू नये’ अशा अर्थाची लॅटिन विनंती असल्यामुळे ती कोठेतरी डकवण्यासाठी असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. रचनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळेच आहे. काय मिळेल, कोठे मिळेल आणि ते स्वस्त मिळेल, एवढेच ती सांगते. शिवाय पुस्तक याच अक्षरात छापलेले आहे असे नमूद करून स्वतःच मालाचा नमुना ठरते.

मराठी प्रदेशात छपाईपूर्वी असे काम दवंडी करीत असे. मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर (दगडावरून होणाऱ्या छपाईने) पंचांग छापले आणि पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपाला सुबकपणा आणला. त्यानंतर दीर्घकाळ हँडबिले खिळे (धातूचे सुटे अक्षरठसे) जुळवून ट्रेडल या पायाने चालवायच्या यंत्रावर निघत. आता ऑफसेट व डिजिटल छपाई प्रचलित आहे.

रचनेचे सूत्र एक पत्रक, एक निरोप असे सांगता येईल. लक्ष, रुची, इच्छा व कृती या चार पायऱ्यांच्या प्रसिद्ध मांडणीचे श्रेय सामान्यतः अमेरिकन जाहिरातकार एल्मो लुइस यांना दिले जाते. तिचा काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाचा शेवट हा असावा. व्यवहारात मथळा निर्णायक ठरतो. डबे पुरवणाऱ्याच्या पत्रकावरील ‘उत्तम दर्जा, माफक दर’ हा मथळा कोणत्याही दुकानाला चालेल. ‘गरम डबा दुपारी साडेबारापर्यंत तुमच्या टेबलावर’ हा त्याच व्यवसायाचा आहे. पत्त्यात जवळची खूण, सवलतीत शेवटची तारीख आणि दूरध्वनी क्रमांक ठळक असावा.

देवनागरी मजकुराचे प्रश्न स्वतंत्र असून रोमन लिपीसाठी केलेले आराखडे जसेच्या तसे वापरल्याने पुष्कळ पत्रके बिघडतात. शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार येत असल्यामुळे ओळींतील अंतर सढळ ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ‘विद्यार्थ्यांसाठी’मधील रफारावर आदळतो. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोड या सर्वमान्य संगणकीय अक्षरसंकेतात नेताना, किंवा पानाची मांडणी करणाऱ्या संगणकप्रणालीत भारतीय लिप्यांची मांडणी चालू नसताना, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते व जोडाक्षरे सुटी पडतात. ‘मिठाई’चे ‘मठिाई’ आणि ‘ग्राहक’चे ‘ग् राहक’ होते. संगणकाच्या पडद्यावर बरोबर दिसलेला मजकूरही छापखान्याकडे गेल्यावर असा फुटू शकतो, म्हणून अंतिम पीडीएफमधील अक्षरे रेषाकृतीत (फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत) बदलून पाठवणे आणि छापील प्रूफ अक्षर-अक्षर वाचणे आवश्यक ठरते. अनेक फाँटमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे निराळी उपलब्ध असतात. ती वापरल्यास मराठी वाचकाला पत्रक आपले वाटते. चार रंगांच्या गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे टाळावीत, कारण एकावर एक छापले जाणारे रंग किंचित सरकले तरी जोडाक्षरांतील पोकळ्या बुजतात. बारीक काळा मजकूर याच कारणाने केवळ काळ्या शाईत ठेवतात.

आकार बहुधा ए५ (१४८ × २१० मिमी.) किंवा डेमी १/८ (डेमी मापाच्या कागदाचा आठवा भाग) असतो. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिमी. जादा रंग सोडतात. साधे पत्रक मॅपलिथो या विनालेपाच्या कागदावर, छायाचित्रांचे आर्ट पेपर या लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर छापतात. वितरण मुख्यत्वे पहाटे वृत्तपत्रांत घालून होते.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काही रोगांवरील औषधी दाव्यांना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने मनाई आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘अटी लागू’सारखा खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत व त्याच टाइपात, ठळकपणे दिसेल असा द्यावा लागतो.