कलम १२१ : नाशिकच्या १९०९ ची पार्श्वभूमी

नाशिकच्या १९०९ सालाविषयीचे बहुतेक लेखन २१ डिसेंबरच्या रात्री, नाट्यगृहात सुरू होते. त्या रात्री अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालून ठार केले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याआधीच्या सहा महिन्यांत न्यायालयात काय झाले आणि त्याआधीच्या पन्नास वर्षांत जिल्ह्यात काय साचत गेले, याची चर्चा फार थोडी होते.

सुरुवात डोंगरातून करावी लागते. ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याजवळ भिल्लांशी झालेल्या चकमकीत एक इंग्रज अधिकारी मारला गेला. भिल्लांचा म्होरक्या भागोजी नाईक पूर्वी नगरच्या पोलिसात नोकरीला होता. आधी त्याला तुरुंगवास झाला, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन मागितला गेला आणि मग सरसकट हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा त्याने गाव सोडले आणि पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा टेकड्यांवर पन्नासेक माणसे गोळा केली. डिसेंबरात त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला, पाठोपाठ हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्याला फाशी झाली. सरकारदरबारी हे सगळे लुटालूट म्हणून नोंदले गेले. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान वाढत गेले आणि सरपण, चराई यांवरून पाड्यापाड्यांत कटकटी सुरू झाल्या. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी १८७९ मध्ये जो कायदा झाला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शेजारचे नाशिक त्यातून वगळले गेले.

शहराची तक्रार वेगळ्या वाटेने आली. १८९७ च्या साथरोग कायद्याने घराघरांत शिरलेले प्लेगचे तपासनीस, पुण्यातली प्लेग अधिकारी रँडची हत्या आणि त्यानंतरच्या फाशी हे सगळे ताजे असतानाच १८९९ मध्ये प्लेग नाशिकजवळच्या भगूरला पोचला. तिथल्या सावरकरांच्या घरातले कर्ते पुरुष गेले आणि मुलगे नाशिकला राहायला आले. तिळभांडेश्वराच्या गल्लीत १९०० च्या सुरुवातीला ‘मित्रमेळा’ हे जे मंडळ उभे राहिले त्याची पाळेमुळे या बिऱ्हाडात आहेत. गणेशोत्सव, शिवजयंती, पोवाडे असे त्याचे वरचे रूप होते. बंगालच्या फाळणीनंतर ते रूप उघडपणे राजकीय झाले. १९०६ च्या दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतताना ‘वंदे मातरम्’च्या घोषणा झाल्या, पोलिसांशी झटापट झाली आणि खटला उभा राहिला. तोवर हे सारे दंडाच्या पातळीवर होते.

ती पातळी १९०९ मध्ये ओलांडली गेली, आणि माझ्या मते ती ओलांडण्याचा निर्णय सरकारचा होता. १९०८ साली निघालेल्या कवितांच्या एका लहानशा पुस्तिकेबद्दल त्या बिऱ्हाडातल्या थोरल्या भावाला, गणेश (बाबाराव) सावरकरांना, फेब्रुवारी १९०९ च्या अखेरीस अटक झाली. राजद्रोहाचे कलम १२४-अ त्या वेळी हाताशी होतेच. १८९८ च्या दुरुस्तीनंतर त्यात जन्मठेपेपासून त्याहून कमी मुदतीच्या काळ्या पाण्यापर्यंत किंवा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत काहीही शिक्षा देता येत असे. जुलै १९०८ मध्ये पुण्याच्या ‘केसरी’चे संपादक टिळक यांना याच कलमाखाली सहा वर्षे झाली होती, आणि ती शिक्षासुद्धा देशभर जुलमी मानली गेली. नाशिकला मात्र त्याच्या जोडीने कलम १२१ लावले गेले. बादशहाविरुद्ध युद्ध करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्याला चिथावणी देणे यासाठीचे ते कलम. त्यात शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप, आणि वर मालमत्तेची जप्ती. गुन्हा शाबीत झाला की न्यायाधीशाला सौम्य शिक्षा देण्याची मुभाच उरत नव्हती. म्हणजे शिक्षा किती होणार हे निकालाच्या फार आधी, कलम निवडतानाच ठरले होते. ८ जून १९०९ रोजी सत्र न्यायालयाने जन्मठेप काळे पाणी दिले.

अपिलात ८ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. त्या निकालाची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. नुसत्या भावना भडकावणे हा राजद्रोह, स्पष्ट शब्दांत कृतीला उद्युक्त करणे ही युद्धाची चिथावणी, अशी सीमारेषा न्यायमूर्तींनी आखली. कवितांतल्या देवादिकांच्या आणि शिवरायांच्या कथा हे निमित्त आहे, खरा रोख परकी सरकारविरुद्ध तलवार उचलण्यावर आहे, असे त्यांचे वाचन होते. कायद्याच्या पुस्तकात ही रेषा आजही उद्धृत होते. पण त्या काळी युद्ध कुठेच चालू नव्हते, त्याचा दिवस किंवा जागाही ठरलेली नव्हती, आणि पुस्तिका वाचून कोणी शस्त्र उचलल्याचे सिद्ध करण्याची गरज कोर्टाला वाटली नाही. पोवाड्यातला आवेश हा ज्या समाजाच्या रोजच्या भाषेचा भाग आहे, त्या समाजाला ही रेषा अन्यायाचीच वाटणार.

सरकारची बाजू घेणारे म्हणतात की कट आधीपासून शिजत होता. झडतीत बॉम्ब बनवण्याच्या कृतीचे कागद सापडले होते आणि मार्च १९०९ मध्ये वीस ब्राउनिंग पिस्तुले विलायतेहून मुंबईत पोचली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण जन्मठेप झाली ती त्या कागदांसाठी किंवा पिस्तुलांसाठी झाली नाही, कवितांसाठी झाली. तेच लोकांना दिसले. अपील फेटाळल्यानंतर दीड महिन्याच्या आत त्यांतलेच एक पिस्तूल नाशिकमध्ये झाडले गेले. औरंगाबादेत शिकणाऱ्या कान्हेरेने कारण म्हणून हीच शिक्षा सांगितली. ज्याच्यावर गोळ्या झाडल्या त्या कलेक्टरने खटला वर पाठवला होता, शिक्षा दिली नव्हती. तो संस्कृतचा जाणकार होता हेही खरे. गावाच्या डोळ्यांसमोर सरकार म्हणून तोच होता.

त्यानंतर कायद्याचे चाक भराभर फिरले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरेसह तिघांना फाशी झाली. कटाच्या मुख्य खटल्यात ३८ आरोपी होते. १९०८ च्या खास कायद्याने ज्यूरी बाजूला ठेवून तो तीन न्यायमूर्तींपुढे चालला आणि २७ जण दोषी ठरले. लंडनहून आणलेल्या धाकट्या भावाला, विनायक सावरकरांनाही, युद्धाच्याच आरोपाखाली जन्मठेप झाली, पुढच्याच महिन्यात हत्येच्या साहाय्याबद्दल दुसरी. स्वातंत्र्यानंतरही १२१ दंडसंहितेत राहिले, बादशहाच्या जागी भारत सरकार आले. २०२४ पासून न्याय संहितेत ते १४७ वे कलम आहे, आणि फाशी किंवा जन्मठेप या दोन शिक्षा तशाच आहेत.

शहरातली चळवळ या खटल्यांनी मोडली. डोंगराची तक्रार मात्र तशीच राहिली होती. १९३० मध्ये कळवण तालुक्यात चणकापूरला जंगल सत्याग्रहात आदिवासी आणि पोलीस समोरासमोर आले, तेव्हा त्र्यंबक-पेठचा जुना राग प्रथमच स्वराज्याच्या झेंड्याखाली उभा राहिला. मधे सत्तरांहून अधिक वर्षे गेली होती. त्याच वर्षी २ मार्चला, म्हणजे दांडीची यात्रा निघण्याच्या दहा दिवस आधी, पंचवटीत काळारामाच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला आणि मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत. इथे अडवणारा इंग्रज नव्हता. स्वराज्याची भाषा बोलणाऱ्या शहराने आपल्याच माणसांची तक्रार ऐकली नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहिताना चणकापूर आणि येवला अजूनही तळटीपेत जातात. ते १९०९ च्या शेजारी, त्याच ओळीत यायला हवेत.