दारावरची थाप आणि फोनची रिंग

‘मतदारापर्यंत पोहोचा, मग फोन काय नि दार काय, सारखंच’ हा प्रचारातला जुना समज. तो खोटा आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे ३०,००० मतदारांवर प्रयोग केला. कोणाला पत्र, कोणाला फोन, कोणाच्या दारी माणूस, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. उंबऱ्यावर उभं राहून, समोरासमोर ‘मतदानाला नक्की जा’ म्हटल्यानं मतदान ठळक वाढलं. पत्रांनी किंचित. कॉल सेंटरच्या फोनांनी वाढलंच नाही! (पुढच्या प्रयोगांत घाई न करता, आपुलकीनं केलेल्या फोनांचा थोडा उपयोग दिसला, म्हणजे खरी किंमत माणसाच्या वेळेची.)

पण मतदार बाहेर काढणं वेगळं आणि त्याचं मत फिरवणं वेगळं. ही गल्लत मला जास्त घातक वाटते. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये प्रचारानं मत फिरतं का हे पाहणारे ४९ प्रयोग एकत्र तपासले. अमेरिकेतल्या सार्वत्रिक निवडणुकांत मत फिरवण्याचा सरासरी परिणाम निघाला जवळपास शून्य.