होया दे सेरेन

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात, सापोतितान खोऱ्यात ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेले प्राचीन माया संस्कृतीच्या काळातील शेतकऱ्यांचे गाव. इ. स. ६०० च्या सुमारास ते गाडले गेले. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरने एका घराची भिंत कापली. घर इतके शाबूत होते, की सुरुवातीला ते अलीकडचेच समजले गेले. १९७८ मध्ये पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांनी तेथे काम सुरू केले आणि छपराच्या गवताच्या कार्बन कालमापनाने त्याचे खरे वय कळले.

गावापासून किलोमीटरभराच्या आत लोमा काल्देरा हे ज्वालामुखीचे मुख फुटले. तप्त शिलारसाला नदीचे पाणी भिडल्याने ओलसर, बारीक राख उडाली व घराघरांत घट्ट बसली. थरावर थर साचून गाव चार ते सात मीटर खाली गेले. ज्वालामुखीच्या राखेत माणसांसह गाडल्या गेलेल्या रोमन शहरावरून याला ‘अमेरिकेचे पाँपेई’ म्हणण्याची प्रथा आहे. पण येथे एकही मानवी सांगाडा मिळालेला नाही. लोक वेळीच निसटले असावेत. दोरीने बांधलेले एक बदक तेवढे मागे राहिले.

मक्याची कणसे धाटावरच वाळावीत म्हणून धाटे मोडून ठेवली होती. त्यावरून हंगाम ऑगस्टचा ठरतो. जेवणाची भांडी खरकटी, चटया मात्र अजून अंथरलेल्या नाहीत, म्हणजे वेळ संध्याकाळची. ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेची धारदार पाती मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून छपराच्या गवतात खोचलेली होती.

प्रत्येक कुटुंबाचे राहते घर, कोठी आणि स्वयंपाकघर वेगवेगळे असे. भिंती कुडाच्या, मातीने लिंपलेल्या, त्यामुळे भूकंपात तग धरणाऱ्या. वाफारा घेण्यासाठी मातीच्या घुमटाचे स्नानगृहही होते. राखेत कुजून गेलेल्या झाडांच्या पोकळ्यांत संशोधकांनी दंतवैद्यकातले प्लास्टर ओतले, तेव्हा परसातल्या मिरच्या, घायपात यांचे आकार हाती आले. २००७ मध्ये गावाबाहेर वरंब्यांवर लावलेल्या कसाव्याचे शेत मिळाले. आपल्याकडे साबुदाणा होतो तो याच कंदाचा. माया लोक तो पिकवत होते का, हा जुना वाद होता. येथे तर नुकती काढणी करून पुढच्या पिकासाठी कांड्याही लावून झाल्या होत्या.

रंगीत भांडी साध्या शेतकऱ्यांच्या घरांतही निघाली. राजवाडे आणि पिरॅमिड यांच्यावरून मायांचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही घरे अडचणीची ठरतात. १९९३ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा यादीत घेतले.