ग्रामीण कुत्र्यांतील विषाणुजन्य रोग आणि संरक्षित वनक्षेत्रे

अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने आणि अन्य संरक्षित क्षेत्रांच्या सीमेलगतच्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या कुत्र्यांना होणाऱ्या विषाणुजन्य रोगांचा, आणि त्यांपैकी कोणते रोग रानातील मांसभक्षक प्राण्यांपर्यंत पोहोचतात याचा अभ्यास पशुवैद्यक व वन्यजीवसंवर्धन या दोन्ही शाखांच्या सीमेवर येतो. या अभ्यासात कॅनाइन डिस्टेंपर, पार्वो विषाणूचा आंत्रदाह, संसर्गजन्य यकृतदाह आणि रेबीज हे चार रोग प्रामुख्याने विचारात घेतले जातात. चारही विषाणू कुत्र्यांत आढळत असले तरी त्यांच्या टिकून राहण्याच्या पद्धती इतक्या वेगळ्या आहेत की एका रोगासाठी काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला लावणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते.

खेड्यातील कुत्रा पूर्ण पाळीवही नसतो आणि पूर्ण भटकाही नसतो. त्याला घर असते, राखणीचे काम असते, उरलेसुरले अन्न मिळते. मात्र तो बांधलेला नसतो आणि त्याचे लसीकरण क्वचितच झालेले असते. बहुतेक कुत्रे गावाच्या आसपासच वावरतात, पण थोडे कुत्रे गुरांमागे किंवा शिकारीच्या ओढीने रानात बरेच आतपर्यंत जातात. रोगाच्या दृष्टीने हे थोडे कुत्रेच महत्त्वाचे असतात. वन्य प्राण्यांशी त्यांचा संपर्क अनेक प्रकारे येतो: वाघाने किंवा लांडग्यांनी अर्धवट खाल्लेल्या जनावरावर कुत्रे येतात, पाणवठ्यावर आणि पायवाटांवर एकमेकांची विष्ठा व मूत्र हुंगले जाते, कुत्रे खोकडाचा किंवा कोल्ह्याचा पाठलाग करतात, आणि बिबट्या तर कुत्र्यालाच भक्ष्य करतो. शेवटच्या प्रकारात आजारी, सुस्तावलेला कुत्रा अधिक सहज सापडतो, त्यामुळे संसर्गाची शक्यता भक्षकाच्या निवडीनेच वाढते.

या कुत्र्यांचे आयुष्य सहसा अल्प असते आणि पिल्लांतील मृत्यूचे प्रमाण मोठे असते. मेलेल्यांची जागा नवी पिल्ले घेतात, म्हणजे विषाणूला दरवर्षी प्रतिकारशक्ती नसलेले नवे प्राणी मिळत राहतात. एका लहान गावातील मोजके कुत्रे डिस्टेंपरसारखा विषाणू कायम जगवू शकत नाहीत; तिथे साथ येते, वाचलेल्या कुत्र्यांत प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि विषाणू नाहीसा होतो. परंतु जवळजवळ असलेल्या अनेक गावांची साखळी असेल तर विषाणू एका गावातून दुसऱ्यात सरकत राहतो आणि पिल्लांची नवी पिढी तयार झाल्यावर पहिल्या गावात परततो. त्यामुळे अभयारण्याभोवतीच्या एखाद्या गावाची पाहणी करून रोग नाही असे म्हणता येत नाही. संपूर्ण परिसराचा विचार करावा लागतो.

डिस्टेंपर : हा रोग मॉर्बिली गटातील विषाणूमुळे होतो. गोवर आणि 2011 मध्ये जगातून निर्मूलन झालेला गुरांचा बुळकांड्या हे याच गटातील विषाणूंचे रोग होत. एडवर्ड जेन्नर यांनी 1809 मध्ये या रोगाचे वर्णन केले होते, आणि तो सूक्ष्म गाळणीतून पार होणाऱ्या घटकामुळे, म्हणजे विषाणूमुळे होतो हे आंरी कारे यांनी 1905 मध्ये दाखवले. विषाणू मुख्यतः श्वासावाटे उडणाऱ्या तुषारांतून व शरीरस्रावांतून पसरतो आणि प्रथम रोगप्रतिकारक पेशींवरच हल्ला चढवतो, त्यामुळे प्राणी इतर जंतूंनाही बळी पडतो. ताप, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, खोकला, हगवण ही आरंभीची लक्षणे होत. नंतर तळपायाची व नाकाची त्वचा जाड होते आणि जबडा सतत चावत राहिल्यासारखी हालचाल, स्नायूंना झटके व पक्षाघात अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. अशा अवस्थेतील वन्य प्राणी माणसाला बुजेनासा होतो आणि वस्तीत शिरतो. त्याला अनेकदा पिसाळलेला समजले जाते.

या विषाणूला मेदाचे नाजूक बाह्य आच्छादन असल्यामुळे तो उन्हात व उष्णतेत शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. त्याच्या आश्रयदात्या प्राण्यांची यादी मात्र फार लांब आहे: कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड, सिंह, वाघ, बिबट्या, तरस, रॅकून, मिंक, अस्वले आणि काही सील. हा विस्तारच डिस्टेंपरचे नियंत्रण अवघड करतो.

पार्वो : कुत्र्यांचा पार्वो विषाणू तुलनेने नवा आहे. मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी जवळचे नाते असलेला हा विषाणू 1978 च्या सुमारास अनेक देशांतील कुत्र्यांत एकाच वेळी आढळला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. पुढच्या काही वर्षांत त्याचे रूप बदलले आणि नव्या रूपांनी मांजरवर्गीय प्राण्यांना बाधण्याची क्षमताही पुन्हा मिळवली. त्याला आच्छादन नसल्यामुळे तो मातीत व विष्ठेत महिनोन्‌महिने टिकतो. त्याच्या प्रसारासाठी कुत्रा व रानप्राणी यांची भेट होणे आवश्यक नसते, एकाच वाटेवरून दोघांनी वेगवेगळ्या वेळी जाणे पुरते. रक्तमिश्रित हगवणीने तो मुख्यतः पिल्लांना मारतो. रानात पिल्ले बिळातच मरतात आणि मृतदेह कोणाच्या नजरेस पडत नाहीत, म्हणून पार्वोचा परिणाम मृतांच्या संख्येऐवजी त्या वर्षी पिल्ले जगली की नाही यावरून ताडावा लागतो. अमेरिकेतील सुपीरिअर सरोवरातील आयल रॉयल बेटावर 1980 मध्ये 50 लांडगे होते. 1982 मध्ये ते 14 उरले. बाहेरून आणलेल्या कुत्र्याबरोबर हा विषाणू तिथे पोहोचला असे मानले जाते.

संसर्गजन्य यकृतदाह ॲडिनोविषाणूमुळे होतो. बरा झालेला कुत्रा सहा महिने वा त्याहूनही अधिक काळ मूत्रातून विषाणू बाहेर टाकत असल्यामुळे वरवर निरोगी दिसणारा प्राणीही रोग पसरवू शकतो. वन्य कुत्रेवर्गीय प्राण्यांत व अस्वलांत याचा संसर्ग आढळला असला, तरी संवर्धनाच्या चर्चेत त्याला मिळालेले स्थान गौण आहे.

रेबीज : या चारांपैकी माणसाला थेट धोका असलेला हा एकच रोग होय. जगभरात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे आणि त्यांपैकी बहुसंख्यांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. बहुतेक प्रदेशांत कुत्रा हाच या विषाणूचा साठा, म्हणजे विषाणू ज्यात कायम टिकून राहतो तो प्राणी, असतो. म्हणजे कुत्र्यांत त्याची साखळी तोडली तर वन्य प्राण्यांतील उद्रेकही आपोआप थांबतात. एका लसीकरण मोहिमेत सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाल्यास साखळी तुटते, हा आता सर्वमान्य निकष आहे. कुत्रे मारून रोग आटोक्यात येत नाही, कारण रिकामी झालेली जागा लस न घेतलेले नवे कुत्रे लवकरच भरून काढतात.

वन्य प्राण्यांतील उद्रेकांपैकी सर्वाधिक चर्चिला गेलेला उद्रेक टांझानियातील सेरेंगेटी येथील होय. 1994 मध्ये तिथे डिस्टेंपरची साथ येऊन सिंहांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. तोपर्यंत मोकळ्या रानातील मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांना हा रोग फारसा घातक नसतो अशी समजूत होती. साथीनंतर तपासलेल्या सिंहांपैकी 85 टक्क्यांत प्रतिपिंडे (विषाणूशी लढताना शरीर रक्तात तयार करते ती प्रथिने) आढळली आणि विषाणूचा वाण कुत्र्यांतील वाणाशी जवळचा निघाला, त्यामुळे उद्यानाभोवतीच्या गावांतील कुत्र्यांकडे बोट दाखवले गेले. पुढे जुने रक्तनमुने तपासल्यावर असे दिसले की सिंहांत यापूर्वीही डिस्टेंपर येऊन गेला होता, पण तेव्हा मृत्यू झाले नव्हते. 1994 मध्ये आणि नंतर 2001 मध्ये सेरेंगेटीजवळच्या न्गोरोंगोरो विवरात वेगळे काय होते याचे उत्तर दुष्काळात सापडले. उपासमारीने खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडांचा भरणा झाला, त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांना गोचिडांतून बबेसिया या रक्तातील परजीवीची तीव्र बाधा झाली, आणि विषाणूने आधीच दुबळ्या केलेल्या शरीराला ती सोसली नाही.

सेरेंगेटीभोवतीच्या कुत्र्यांना नंतरच्या काळात रेबीज, डिस्टेंपर व पार्वो या तिन्हींच्या लशी देण्यात आल्या. कुत्र्यांतील संसर्ग घटला. सिंहांतील डिस्टेंपर मात्र थांबला नाही. अनेक दशकांच्या रक्तनमुन्यांचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण असे सांगते की आरंभी कुत्र्यांतील साथींमागोमाग सिंहांत साथी येत, पण पुढे हा मेळ सुटला आणि विषाणू अनेक मांसभक्षक प्रजातींत मिळून टिकत असल्याचे दिसू लागले. रशियाच्या अतिपूर्व भागातील अमूर वाघांबाबतही हेच घडले. 2003 मध्ये एक आजारी वाघीण पोक्रोव्का गावात शिरली होती. तिला डिस्टेंपर असल्याचे बऱ्याच काळाने सिद्ध झाले. संशय प्रथम कुत्र्यांवरच होता, परंतु 2020 मधील अभ्यासाने मुख्य स्रोत रानातील लहान मांसभक्षक असल्याचे दाखवले आणि कुत्र्यांपेक्षा थेट वाघांनाच लस देणे अधिक परिणामकारक ठरेल असा निष्कर्ष काढला. वर्षाला अवघ्या दोन वाघांना लस दिली तरी अभ्यासलेल्या लहान वाघसमूहाचा नामशेष होण्याचा धोका लक्षणीय घटतो, असे त्यातील गणित आहे.

भारतात गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात सप्टेंबर-ऑक्टोबर 2018 मध्ये 23 सिंह दगावले. काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू आढळला आणि बबेसियाही निदानास आला. आशियाई सिंहांचा संपूर्ण रानटी समूह एकाच प्रदेशात असल्यामुळे परदेशातून लस मागवून सिंहांना टोचण्यात आली. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासात गावातील बहुसंख्य कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर, पार्वो व ॲडिनोविषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली आणि त्याच माळरानावरील खोकडांपर्यंतही हे विषाणू पोहोचलेले दिसले. माळरानात लपण्याइतके जंगल नसते, गाव, शेत आणि खोकडाचे बीळ एकमेकांना लागून असतात. त्यामुळे घनदाट वनापेक्षा इथे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, जरी चर्चा बहुधा वाघ-सिंहांचीच होते.

प्रतिपिंडांची आकडेवारी वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. प्रतिपिंड सापडणे म्हणजे प्राणी आजारी असणे नव्हे. त्याचा अर्थ तो कधीतरी विषाणूच्या संपर्कात आला आणि वाचला इतकाच. ज्या गावात 90 टक्के कुत्र्यांत प्रतिपिंडे आहेत ते गाव त्या क्षणी नव्या साथीपासून बरेचसे सुरक्षित असते, आणि ज्या गावात ती फारशी नाहीत ते साथीसाठी तयार असते. वृत्तपत्रांत नेमका याच्या उलट अर्थ लावला जातो. वयानुसार पाहणी केली तर चित्र अधिक स्पष्ट होते: वयाबरोबर प्रमाण हळूहळू वाढत असेल तर विषाणू त्या भागात कायम नांदतो आहे, आणि एका विशिष्ट वर्षानंतर जन्मलेल्या सर्व कुत्र्यांत प्रतिपिंडे नसतील तर त्या वर्षी साथ येऊन ओसरली आहे, असे अनुमान काढता येते. विषाणू कोणाकडून कोणाकडे गेला हे मात्र रक्तातील प्रतिपिंडांवरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या विषाणूंचे जनुकीय क्रम जुळवावे लागतात आणि रानातील मृतदेह ताजा मिळणे हीच त्यातली मोठी अडचण असते.

डिस्टेंपरची कुत्र्यांना देण्यात येणारी लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची असते. आईकडून आलेली प्रतिपिंडे पिल्लातील लस निष्प्रभ करत असल्यामुळे ती काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, आणि मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लाला दुसऱ्यांदा पकडणे हे खेड्यात सर्वांत कठीण काम ठरते. हीच लस सर्व वन्य प्रजातींना मानवत नाही: अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या आरंभी बंदिवासातील काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लहान मांसभक्षक) लशीतील विषाणूनेच मेले. पुढे पक्ष्यांतील कॅनरीपॉक्स विषाणूवर आधारलेली, डिस्टेंपरचा जिवंत विषाणू नसलेली लस अशा प्रजातींसाठी वापरात आली. याच फेरेटांचा वायोमिंगमधील शेवटचा ज्ञात रानटी समूह 1985 मध्ये डिस्टेंपरने उद्ध्वस्त झाला होता.

इथिओपियन लांडग्याच्या बाबतीत रेबीज व डिस्टेंपर हे दोन्ही विषाणू एकाच प्रजातीवर पाळीपाळीने आदळले. प्रौढ लांडग्यांची एकूण संख्या पाचशेच्या आसपास वा त्याहून कमी आहे. त्यांचा सर्वांत मोठा समूह बाले पर्वतात राहतो, आणि तिथे गुराख्यांबरोबर कुत्रेही उंच कुरणांवर चढतात. 1990 च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा 2003 मध्ये रेबीजने त्यांना गाठले. दुसऱ्या वेळी बाधित खोऱ्यातील सुमारे तीन-चतुर्थांश लांडगे मेले. सगळ्यांना लस देणे शक्य नव्हते, म्हणून खोऱ्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यांतील लांडग्यांना पकडून टोचण्यात आले आणि रोग शेजारच्या खोऱ्यांत जाण्यापासून अडवला गेला. 2010 आणि 2015 मध्ये त्याच पर्वतात डिस्टेंपर आला. त्यावर ही युक्ती लागू पडली नाही. 2018 पासून रेबीजची तोंडावाटे द्यायची लस बकऱ्याच्या मांसात लपवून, रात्रीच्या वेळी लांडग्यांच्या वावराच्या जागी टाकली जाते. त्याचबरोबर आसपासच्या गावांतील कुत्र्यांचे वार्षिक लसीकरणही चालू ठेवावे लागते, कारण कुरणांवर दरवर्षी नवी पिल्ले येतच असतात.